बिल थकलं तरी सह्याद्री दिसली पाहिजे

सासवडला माझी आत्या एकटी राहते. वय शहात्तर, गुडघे धरलेले, त्यामुळे घराबाहेर पडणं दवाखान्यापुरतं. संध्याकाळी सातला सह्याद्रीवरच्या बातम्या लावायच्या आणि त्या संपल्या की कुकर चढवायचा, हा तिचा कित्येक वर्षांचा नेम. गेल्या पावसाळ्यात मी तिच्याकडे गेलो तेव्हा सात वाजून गेले होते आणि टीव्ही बंद होता. विचारलं तर म्हणाली, "बिघडलाय. चार दिवस झाले." मी लावून पाहिला. निळा पडदा, त्यावर इंग्रजीत दोन ओळी, खाली एक फोन नंबर. टीव्हीला काही झालेलं नव्हतं. केबलचे पैसे संपले होते.

पूर्वी केबलवाल्याचा मुलगा दर महिन्याला दारात यायचा, पैसे घ्यायचा, कार्डावर तारीख टाकून सही करायचा. पैसे नसले तर "आजी, पुढच्या महिन्यात दोन्ही द्या" म्हणून निघून जायचा. आता पैसे फोनवरून भरायचे. आत्याचा फोन बटणांचा. चिंचवडला राहणारा तिचा मुलगा तिचे पैसे भरतो आणि त्या महिन्यात त्याच्याकडून राहून गेलं होतं. मी भरले, दहा मिनिटांत चित्र आलं. आत्या पडद्याकडे बघत म्हणाली, "मालिका बंद केल्या तर समजू शकते रे. पण बातम्या कशाला बंद करायच्या? त्या तर सरकारी आहेत ना?"

तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत बोललो. खरं उत्तर कायद्यात आहे.

केबल टेलिव्हिजनचा नियमन कायदा १९९५ सालचा. दूरदर्शनची ठरावीक चॅनल दाखवलीच पाहिजेत, असं बंधन त्याच्या आठव्या कलमानं प्रत्येक केबलवाल्यावर घातलं. आज दूरदर्शनची आणि संसदेची मिळून अशी पंचवीसेक चॅनल आहेत आणि सह्याद्री त्यांत आहे. हेतू सरळ होता. खासगी चॅनलांच्या गर्दीत सार्वजनिक चॅनल बाहेर ढकललं जाऊ नये. पुढे २०११ साली याच कायद्यात दुरुस्ती झाली आणि चौथ्या कलमातल्या 'अ' भागाखाली केबलवरून जाणारं कुठलंही चॅनल सांकेतिक करून, म्हणजे कुलूप लावूनच, पाठवायची सक्ती आली. त्या 'कुठलंही'मध्ये दूरदर्शनही आलं. एक कलम सांगतं दाखवलंच पाहिजे, दुसरं सांगतं कुलूप लावलंच पाहिजे, आणि किल्ली फिरते ती महिन्याच्या पैशांवर. कलम लिहिणाऱ्यांच्या मनात काही वाईट होतं असं मी म्हणत नाही. केबलवाले ग्राहकांचा खरा आकडा लपवायचे, कर बुडायचा, चॅनलवाल्यांचे पैसे बुडायचे. कुलूप त्यासाठी होतं. पण ज्या चॅनलला कोणी पैसे मागतच नाही, त्यालाही कुलूप का, हा विचार कोणी केलेला दिसत नाही.

काय गेलं हे कळायला आधी काय होतं ते आठवावं लागेल.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. वरळीचा मनोरा तीनशे मीटर उंच. वर्षभरानं, १९७३ मध्ये, पुण्यासाठी सिंहगडावरून प्रक्षेपण सुरू झालं. आमच्या लहानपणी सासवडच्या माळवदांवर आणि पत्र्यांवर बांबूला बांधलेल्या ॲल्युमिनियमच्या कांड्यांच्या अँटेना होत्या आणि त्या सगळ्यांची तोंडं मावळतीला, सिंहगडाकडे. वारा सुटला की अँटेना फिरायची, पडद्यावर मुंग्या यायच्या. मग एकानं वर चढायचं, एकानं खिडकीत उभं राहायचं, "थोडी डावीकडे... आली, आली... गेली!" हे महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीनं केलेलं आहे. आत्याच्या यजमानांचा हात त्यात बसलेला होता. ते चढले की पहिल्या झटक्यात चित्र लागायचं.

त्या आठवणीत मी रमणार नाही. चित्र वाईट होतं, चॅनल एक, फार तर दोन. आणि ते पूर्ण फुकटही नव्हतं. सुरुवातीला टीव्हीचा परवाना असायचा आणि त्याची वार्षिक फी पोस्टात भरावी लागायची. ती पद्धत ऐंशीच्या दशकात गेली. पण त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती, जी नंतरच्या कुठल्याही व्यवस्थेत राहिली नाही. मनोऱ्याला कोण बघतंय ते कळत नव्हतं. तो सगळ्यांवर सारखा बरसायचा. संच विकत घेतला, अँटेना लावली, की त्या घरात आणि प्रक्षेपणात तिसरं कोणी उभं नव्हतं. घरधन्याचं काम गेलं, दुकान बुडालं, म्हातारीचा मुलगा पैसे भरायला विसरला, तरी सातच्या बातम्या सात वाजता यायच्याच. परवान्याची फी थकली तरी बातम्या थांबत नव्हत्या.

डिजिटल केबलच्या खोक्याला इंग्रजीत जे विशेषण लावतात, 'ॲड्रेसेबल', त्यात नेमकं हेच उलटं होतं. प्रत्येक खोक्याला स्वतःचा नंबर, आणि त्या नंबरावर दुरून चॅनल उघडता येतं, बंद करता येतं. मुंबईत हे २०१२ च्या ऑक्टोबरअखेर आलं, पुणे, नागपूर, नाशिकसारख्या शहरांत २०१३ च्या मार्चअखेर, आणि मग २०१७ च्या मार्चपर्यंत गावागावांत. चित्र स्वच्छ झालं, चॅनल वाढली, हे खरं आहे आणि ते नाकारायचं कारण नाही. आत्यालाही स्वच्छ चित्र आवडतं. पण सार्वजनिक चॅनल सगळ्यांवर बरसायचं थांबलं आणि खात्यावर येऊ लागलं.

मग १ फेब्रुवारी २०१९ पासून 'ट्राय'ची, म्हणजे केबलचे दर ठरवणाऱ्या सरकारी नियामकाची, नवी दरपद्धत लागू झाली. शंभर चॅनलपर्यंत नेटवर्कचं शुल्क जास्तीत जास्त १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्या शंभरात दूरदर्शनची सक्तीची चॅनल धरलेली. पुढच्या वर्षी शंभराची दोनशे झाली आणि सक्तीची चॅनल मोजणीतून वगळली, हे बरंच झालं, पण १३० चा आकडा राहिला. २०२४ च्या जुलैत तर त्या १३० वरची कमाल मर्यादाही काढून टाकली. याचा साध्या भाषेत अर्थ असा: चॅनलची किंमत शून्य, ते घरापर्यंत आणायची किंमत महिना दीडशेच्या वर. जिला फक्त सह्याद्री बघायची आहे, तिलाही तेवढेच. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची दिवसाची मजुरी २९७ रुपये होती. म्हणजे महिन्यातला अर्धा दिवस खडी फोडायची ती 'मोफत' चॅनलसाठी. मोफत या शब्दाचा हा अर्थ मला मान्य नाही.

इथपर्यंत कोणी म्हणेल, केबल नको असेल तर अँटेना लावा की. दहा वर्षांपूर्वी हे उत्तर चाललं असतं. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीनं २०२१ मध्ये जाहीर केलं की सामरिक महत्त्वाची पन्नासेक ठिकाणं सोडली तर जुनी ॲनालॉग प्रक्षेपणं ३१ मार्च २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्यानं बंद होतील. देशभरात अशी चौदाशेच्या आसपास केंद्रं होती. कारणं दिली ती अशी: तंत्रज्ञान कालबाह्य आहे, विजेवरचा खर्च वाया जातो, आणि मोकळ्या झालेल्या लहरी ५जी सारख्या नव्या कामांना वापरता येतील. प्रत्येक कारण आपापल्या जागी पटण्यासारखं आहे. अँटेनावर बघणारे खरोखरच थोडे उरले होते. जुनं यंत्र बंद करण्याला माझा विरोध नाहीच. नवं उभं करायच्या आधी जुनं पाडलं, याला आहे.

कारण नवं काय असावं हे आपल्याकडे लिहून ठेवलेलं होतं. जानेवारी २०१७ मध्ये ट्रायनंच शिफारस केली होती की आधी डिजिटल प्रक्षेपण जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून उभं करा, मग ॲनालॉग टप्प्यानं बंद करा: महानगरं २०१९ अखेर, मोठी शहरं २०२१ अखेर, बाकीचा देश २०२३ अखेर. त्याच्या आधी, २०१६ मध्ये, दूरदर्शननं सोळा शहरांत असं डिजिटल प्रक्षेपण सुरूही केलं होतं. महाराष्ट्रातली त्यात दोन, मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. एका मनोऱ्यावरून पाच-सहा चॅनल, योग्य ट्यूनर असलेल्या टीव्हीवर किंवा फोनला छोटं डोंगल लावून, महिन्याचं काहीही न भरता. पण तसे टीव्ही आणि डोंगल दुकानांत सहज मिळतील, त्यांची जाहिरात होईल, दुकानदाराला ते ठाऊक असेल, यासाठी जोर लावलाच गेला नाही. संभाजीनगरच्या क्रांती चौकातल्या दहा माणसांना विचारलं तर एखाद्याला तरी त्या प्रक्षेपणाचा पत्ता असेल का, याची मला शंका आहे. शिफारस कागदावर राहिली, ॲनालॉग मात्र त्यातल्या शेवटच्या तारखेच्याही आधी गेलं.

दुसऱ्या देशांनीही ॲनालॉग बंद केलं. अमेरिकेनं १२ जून २००९ ला केलं, पण त्याआधी प्रत्येक घराला चाळीस डॉलरची दोन कुपनं देऊ केली, जुन्या टीव्हीला लावायचा खोका घेण्यासाठी. ब्रिटननं २००८ ते २०१२ असं एकेक प्रदेश करत बंद केलं आणि पंचाहत्तरीपुढच्या व अपंग माणसांच्या घरी जाऊन खोका बसवून देणारी, तो वापरायला शिकवणारी सरकारी योजना चालवली. जपानमध्ये बदलाचा दिवस जुलै २०११ चा ठरलेला होता. मार्चमध्ये त्सुनामी आली म्हणून इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन प्रांतांना पुढच्या मार्चपर्यंत मुदत दिली. हे देश श्रीमंत आहेत, मान्य. पण त्यांनी आधी जे विचारलं, मागे कोण राहील आणि त्याच्यापर्यंत कोण जाईल, ते विचारायला श्रीमंती लागत नाही. आणि तिन्ही ठिकाणी शेवटी मनोऱ्यावरूनच मोफत डिजिटल टीव्ही उरला. आपल्याकडे मनोऱ्याची जागा घेतली ती उपग्रहानं.

ती डीडी फ्री डिश. तिच्याबद्दल चांगलं बोललंच पाहिजे. २००४ च्या डिसेंबरमध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावानं ती ३३ चॅनल घेऊन सुरू झाली. आज चार कोटींहून जास्त घरांत ती आहे. एकदा छत्री आणि खोका घ्यायचा, दीड-दोन हजारांत काम होतं, पुढे महिन्याचं काही नाही. देशातल्या गरीब घरांत आज टीव्ही चालतो तो या छत्रीच्या जिवावर, आणि सरकारी व्यवस्थेनं गेल्या वीस वर्षांत केलेल्या उत्तम कामांत मी तिला धरतो. आत्याच्या शेजारी वीटभट्टीवर कामाला आलेली चार कुटुंबं आहेत, त्या चौघांच्या झोपड्यांवर छत्र्या आहेत. जुन्या अँटेना मावळतीला सिंहगडाकडे बघायच्या, या आग्नेयेला वर आभाळात बघतात, कारण तो उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला आहे.

पण ती आग्नेय दिशा सगळ्यांकडे नसते. गावात घरावर छप्पर स्वतःचं असतं. शहरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याची एकुलती खिडकी पश्चिमेला असेल, समोर सात मजले उभे असतील, घरमालक गच्चीवर पाय ठेवू देत नसेल, सोसायटीचा नियम आड येत असेल, तर छत्री लावायची कुठे? धारावीच्या किंवा पुण्यातल्या जनता वसाहतीच्या गल्लीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्याला आभाळाचा तेवढा तुकडा मिळेलच असं नाही. मनोऱ्याच्या लहरी भिंतीच्या आत, घरातल्या अँटेनावरही बऱ्यापैकी यायच्या. उपग्रहाच्या येत नाहीत. कोकणात आषाढाची झड लागली की छत्रीचा सिग्नल जातो, हे तिकडच्या कोणालाही विचारा. सगळ्यात जास्त बातमी हवी असते तेव्हाच.

शिवाय फ्री डिशवर काय दिसेल ते लिलाव ठरवतो. खासगी चॅनल जागेसाठी बोली लावतात, प्रसार भारतीला त्यातून मोठं उत्पन्न मिळतं, आणि ते गैर नाही. पण मार्च २०१९ मध्ये, नव्या दरपद्धतीच्या पाठोपाठ, मोठ्या समूहांनी आपली लोकप्रिय हिंदी मनोरंजनाची चॅनल फ्री डिशवरून काढून घेतली. एकाच चॅनलचे केबलवर पैसे घ्यायचे आणि छत्रीवर ते फुकट दाखवायचं, हे त्यांना जमेना. जून २०२० मध्ये ती परत आली. २०२२ च्या एप्रिलमध्ये पुन्हा गेली. गावातल्या माणसाला यातलं काही सांगितलं जात नाही. एक दिवस चॅनल असतं, दुसऱ्या दिवशी नसतं, आणि तो रिमोट घेऊन पुन्हा पुन्हा ट्यून करत बसतो. मराठीचं तर अधिक बिकट. सर्वांत जास्त पाहिली जाणारी मराठी मनोरंजनाची चॅनल पैशांची आहेत. काही मराठी चॅनल मोफत आली, त्यांचं स्वागतच आहे, पण छत्रीवर एकूण जोर हिंदीचा. मेळघाटातल्या किंवा मंगळवेढ्यातल्या घरात रोज संध्याकाळी फुकट येणारी भाषा कोणती असावी, हे लिलावातल्या बोलीनं ठरतंय. मराठी भाषेची काळजी करणाऱ्या आपल्या सभा-संमेलनांत दुकानांच्या पाट्यांवर खूप बोललं जातं. या छत्रीवर बोललेलं माझ्या तरी कानावर आलेलं नाही.

क्रिकेटचं उदाहरण घेतलं की हा सगळा गुंता एकदम उघडा पडतो. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं थेट चित्रण खासगी हक्कदारांनी प्रसार भारतीला द्यावं, असा कायदा २००७ साली झाला. ज्यांना पैशांचं चॅनल परवडत नाही त्यांनाही भारताचा सामना बघता यावा म्हणून. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं या कायद्याचा अर्थ लावला: हे चित्रण दूरदर्शननं स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि स्वतःच्या डीटीएचवर दाखवावं, खासगी केबलमार्फत नाही. केबलच्या घरात पैसे देणारा ग्राहक आहे, त्याला ते फुकट देण्यानं हक्कदाराचं नुकसान होतं, हा युक्तिवाद मान्य झाला. कायद्याचा अर्थ म्हणून तो निकाल बरोबरच असेल. पण त्यात फुकट बघण्याचे दोन रस्ते गृहीत धरलेले होते, अँटेना आणि छत्री. पाचच वर्षांत त्यातला पहिला बंद झाला. आता ज्याच्याकडे छत्री लावायला जागा नाही आणि केबलवर खेळांचा पॅक घ्यायला पैसे नाहीत, त्याच्यासाठी २००७ च्या कायद्यात काहीच उरलेलं नाही. कायद्याचा एक शब्दही बदलला नाही आणि त्याचा निम्मा भाग नाहीसा झाला.

तरी क्रिकेट हा शेवटी खेळ आहे. मला जास्त लागलेली गोष्ट शाळेची आहे.

२०२० च्या जूनमध्ये शाळा उघडल्या नाहीत. ज्यांच्या घरी मोठा फोन आणि डेटा होता त्यांचे वर्ग सुरू झाले. बाकीच्यांचं काय, याचं महाराष्ट्रानं शोधलेलं एक उत्तर होतं दूरदर्शन. २० जुलै २०२० पासून सह्याद्रीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' सुरू झाली. घरातल्या, अंगणातल्या, परसातल्या वस्तू घेऊन शिकवणारे मराठी भाग, एकेका इयत्तेला ठरलेली वेळ. पुढच्या वर्षी दहावी-बारावीसाठी 'ज्ञानगंगा' आली. मी तेव्हा एका मित्राच्या शेतावर अडकलो होतो. त्याच्या सालगड्याची मुलगी चौथीत होती. तिच्या भागाच्या वेळी ती हात धुऊन, वही-पेन्सिल घेऊन मित्राच्या ओसरीवर येऊन बसायची, बरोबर वस्तीवरची आणखी तीन. भाग संपला की तिथेच गारगोट्या मांडून भागाकार करून बघायची. तिच्या स्वतःच्या घरी टीव्ही होता. केबलची तारही होती. टाळेबंदीत मजुरी बुडाली तेव्हा पहिलं थांबलं ते केबलचं बिल, आणि बिलाबरोबर सह्याद्रीही. ज्या महिन्यांत सरकारनं तिची शाळा टीव्हीवर आणली, त्याच महिन्यांत तिच्या घरचा टीव्ही कुलपात होता. तिच्या वडिलांनी मालिका मागितल्या नव्हत्या. ओसरीवर जागा देणारा माझा मित्र भला माणूस. पण चौथीच्या मुलीची शाळा कोणाच्या भलेपणावर चालावी, हे मला पटत नाही.

सह्याद्री बघतं कोण, असं मला माझ्याच वयाचे मित्र विचारतात. १९९४ साली डीडी-१० म्हणून सुरू झालेल्या, २००० पासून सह्याद्री हे नाव घेतलेल्या या चॅनलवर आज पुन्हा पुन्हा दाखवलेले कार्यक्रम बरेच आहेत, नेपथ्य जुनं आहे, आणि बातम्यांत सरकारचा आवाज मोठा आहे. हे सगळं खरं आहे आणि त्यावर वेगळं भांडलंच पाहिजे. पण त्या चॅनलचं काम लोकप्रिय असणं एवढंच नाही. 'आमची माती, आमची माणसं' हा शेतीचा कार्यक्रम दाखवताना मुंबई दूरदर्शननं जाहिराती किती मिळतील हे बघितलं नव्हतं. शाळा बंद पडल्या तेव्हा राज्याला चौथीचा भागाकार दाखवायला जे चॅनल आठवलं ते सह्याद्री होतं. सार्वजनिक चॅनल रोज लागतं असं नाही, पण ज्या दिवशी लागतं त्या दिवशी ते प्रत्येक घरात पोचलेलं असावं लागतं.

दुसरा आक्षेप फोनचा. आता सगळ्यांकडे फोन आहे, प्रसार भारतीनंच नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात 'वेव्ह्ज' हे ॲप सुरू केलं, दूरदर्शनची चॅनल त्यावर आहेत, मग टीव्हीचं कौतुक कशाला? ॲप चांगलं आहे, परगावी आणि परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला त्याचा उपयोगच आहे. पण फोनवर बघायला डेटा लागतो, आणि डेटा संपला की तोच निळा पडदा. घरातला एक फोन बापाबरोबर कामावर गेलेला असतो. आणि हजार माणसांनी फोनवर एक बातमी बघितली तर ती हजार वेळा पाठवावी लागते. मनोऱ्यावरून ती एकदा पाठवली की हजारांना पोचते आणि लाखांनाही. आयआयटी कानपूरच्या मदतीनं प्रसार भारती थेट फोनवर, डेटाशिवाय, प्रक्षेपण पोचवण्याच्या तंत्रावर काम करते आहे. ते यशस्वी व्हावं असं मला मनापासून वाटतं. फक्त ते येईपर्यंतची वर्षं आत्याच्या वयाच्या माणसांकडे शिल्लक नाहीत.

तिसरा आक्षेप केबलवाल्याचा, आणि तो मला सर्वांत रास्त वाटतो. तो गावातलाच माणूस असतो, खांबांचं भाडं देतो, पावसात तुटलेली तार जोडायला रात्री चढतो. बिल न भरणाऱ्याला त्यानं फुकट का दाखवावं? म्हणून माझी मागणी मी मुद्दाम छोटी ठेवतो. ज्या घरात तार कधी गेलीच नाही तिथे त्यानं फुकट तार न्यावी, असं मी म्हणत नाही. ज्या घरात तार आधीच पोचली आहे, खोका आधीच बसला आहे, तिथे बिल थकलं म्हणून बाकीची सगळी चॅनल बंद करावीत, फक्त सक्तीची दूरदर्शन आणि संसदेची चॅनल चालू ठेवावीत. त्यासाठी जादा वीज लागत नाही, जादा तार लागत नाही. सिग्नल त्या तारेतून जातच असतो. जो खोका एकोणीस रुपयांचं एकच चॅनल एकाच घरात उघडू शकतो, त्याला पंचवीस चॅनल उघडी ठेवणं अवघड नाही. आणि लोक बिल भरतात ते मालिकांसाठी, सिनेमांसाठी, क्रिकेटसाठी. सह्याद्री चालू राहिली म्हणून कोणी बिल भरायचं थांबवेल, ही भीती केबलवाल्यानं बाळगू नये. खासगी डीटीएच कंपन्यांनाही हाच नियम लागू व्हावा.

हे उपकार म्हणून मागायचं नाही. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि त्यांचा वापर जनतेच्या हितासाठीच व्हायला हवा. मुख्य निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत आपल्याच मातीतले. ॲनालॉग बंद करून ज्या लहरी मोकळ्या झाल्या, त्या माझ्या आत्याच्याही होत्या. त्यांच्या बदल्यात तिला काय मिळालं, हे तिनं विचारायच्या आधी कोणीतरी सांगायला हवं होतं.

सुधारणेची वेळही हीच आहे. १९९५ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या प्रसारण सेवा विधेयकाचा मसुदा १० नोव्हेंबर २०२३ ला लोकांपुढे आला. २०२४ मध्ये त्यावर पुन्हा गदारोळ झाला, सूचनांची मुदत वाढली. वाद झाला तो मुख्यतः बातम्या देणाऱ्या यूट्यूबर्सवर सरकारचा हात किती चालावा, यावर. तो महत्त्वाचाच आहे. पण त्या कायद्यात ज्या कलमाखाली सक्तीची चॅनल येतील, तिथे एक वाक्य घालता येईल, आणि महाराष्ट्रातल्या अठ्ठेचाळीस खासदारांपैकी कोणीही ते मांडू शकतो, पक्ष कुठलाही असो: "सक्तीने दाखवायची चॅनल कोणत्याही ग्राहकाच्या खोक्यावर, त्याचे शुल्क थकले असले तरी, बंद करता येणार नाहीत." त्याच्या जोडीला, छत्रीवर प्रत्येक राज्यभाषेसाठी लिलावाबाहेरच्या काही जागा. आणि मुंबई, संभाजीनगर इथे उभं राहिलेलं डिजिटल प्रक्षेपण जिथे छत्र्या लागू शकत नाहीत अशा दाट वस्त्यांच्या शहरांत नेणं, तेही टीव्ही कंपन्यांना ट्यूनर घालायला सांगून.

आत्याला मी गेल्या महिन्यात फ्री डिश बसवून दिली. गच्ची तिची स्वतःची आहे, आग्नेयेला आंब्याचं झाड आहे पण ते अजून लहान आहे. बसवणाऱ्यानं मला सांगितलं, चार-पाच वर्षांनी त्याची एक फांदी तोडावी लागेल.